माझ्यासाठी उतरवलेला माणूस

मी मेलो तेव्हा लोक माझ्या पाया पडत होते. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. शिमग्याची पालखी नाचवताना माझ्या खांद्यावरून दांडा सुटला, मी गावातल्या रस्त्यावर उताणा पडलो, डोळे वर गेले, हातपाय थरथरले आणि घशातून घोरल्यासारखा आवाज निघाला. आमच्याकडे पालखीच्या वेळी असा कुणी पडला की त्याच्या अंगात देव आला असंच धरून चालतात. ढोल-सनईच्या खालूबाजावाल्यांनी जोर वाढवला. गुरवाने कपाळाला अंगारा लावला. माझी सख्खी आत्या, जी एरवी बांधाच्या भांडणावरून माझ्याशी सरळ बोलत नाही, ती माझ्या पायावर डोकं टेकवून मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारत होती. देव काही बोलेना, कारण देव नव्हताच. माझं हृदय बंद पडलं होतं.

यातलं मला स्वतःला काहीच आठवत नाही. खांद्यावर रुतणारा दांडा आणि नव्या शर्टाचा गुलालाने झालेला सत्यानाश, एवढंच शेवटचं ध्यानात आहे. बाकीचं सगळं मी इतरांकडून ऐकलेलं. स्वतःच्या मरणाची हकीकत दुसऱ्यांकडून ऐकायची म्हणजे मोठी चीड आणणारी गोष्ट असते, कारण प्रत्येक जण तिच्यात आपापला मीठ-मसाला घालतो आणि आपण त्याला खोटं पाडू शकत नाही.

तेव्हा मी तिशीच्याही आत होतो. महाडला एका शाळेत विज्ञान शिकवतो. हृदयाचे चार कप्पे मी दरवर्षी फळ्यावर काढतो, अशुद्ध रक्त निळ्या खडूने आणि शुद्ध रक्त लाल खडूने. माझ्या स्वतःच्या त्या चार कप्प्यांना वीज पुरवणाऱ्या व्यवस्थेत जन्मापासून दोष होता, याचा मला पत्ता नव्हता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. सणाला गावी जायचं, पालखी नाचवायची, आईच्या हातच्या पुरणपोळ्या खायच्या आणि सोमवारी परत फळ्यासमोर उभं राहायचं, असं आयुष्य चाललं होतं.

माझ्या धाकट्या भावाला शंका आली म्हणून मी आहे. तो महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत पाळीवर जातो. तिथे सेफ्टीवाले दरवर्षी एक रबरी बाहुला आणून कामगारांना छाती दाबायला शिकवतात. तो घरी येऊन त्या बाहुल्याची नक्कल करायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. माझं ते घोरणं ऐकून त्याला हसू आलं नाही. त्याने आत्याला बाजूला ढकललं, माझ्या नाकापाशी गाल नेला आणि छाती दाबायला लागला. देवाच्या अंगावर हात टाकतो म्हणून दोघांनी त्याला मागून धरलं, तेव्हा त्याने एकाच्या तोंडात लगावली. "देव नाय नि बिव नाय! मेलाय तो!" असं तो ओरडला आणि बाजा थांबला, हे मात्र सगळे सारखंच सांगतात.

त्याच वेळी वरच्या बाजूने अॅम्ब्युलन्स आली. ती माझ्यासाठी आली नव्हती. पालखी रस्त्यात होती, म्हणून तिला थांबावं लागलं. तालुक्यातली दुसरी गाडी हायवेवरच्या अपघाताला गेली होती, म्हणजे ही एकच. आत डोंगरावरच्या वाडीतला एक म्हातारा होता. सकाळपासून त्याला धाप लागली होती. वाडीतल्या लोकांनी त्याला डोलीत घालून रस्त्यापर्यंत खाली आणलं होतं, आणि आता तो ऑक्सिजन लावून स्ट्रेचरवर पडला होता. बाजूच्या बाकावर त्याची बायको होती. गाडीतली डॉक्टर, एक तरुण मुलगी, खाली उतरली. तिने माझा शर्ट कात्रीने कापला, छातीला पट्ट्या चिकटवल्या आणि भर रस्त्यात, पालखीसमोर, मला विजेचा झटका दिला. नाडी लागली, पुन्हा गेली. तिने दुसरा दिला.

मग प्रश्न आला स्ट्रेचरचा. स्ट्रेचर एकच होतं. मला आडवं ठेवून छाती दाबत न्यायचं तर आत डॉक्टर हवी, भाऊ हवा, झटक्याचं यंत्र हवं. म्हाताऱ्याला उतरवलं. बाजाचं सामान आणलेला एक पिकअप मागे उभा होता. त्यात कुणाच्या तरी घरची गादी टाकून त्याला निजवलं, लहान सिलिंडर सोबत दिला, बायकोला शेजारी बसवलं. अॅम्ब्युलन्स मला घेऊन सुटली आणि पिकअप मागून निघाला. पोलादपूर यायच्या आत म्हातारा गेला.

मी वाचलो. नुसता वाचलो नाही, थाटात वाचलो. मी जन्मभर रांगेत उभा राहिलेला माणूस आहे. रेशनच्या, एसटीच्या, दाखल्यांच्या, लग्नातल्या जेवणाच्यासुद्धा. पण त्या दिवशी मला कुठेही रांग लागली नाही. डॉक्टरने गाडीतूनच पुढे फोन केला होता, की तरुण पेशंट आहे, हृदय बंद पडलं होतं, तयार राहा. पोलादपुरात दार उघडं होतं. महाडला दार उघडं होतं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तर लिफ्टसुद्धा माझ्यासाठी थांबवून ठेवली होती, असं भाऊ सांगतो. पुढे तिथल्या डॉक्टरांनी मला समजावलं, की ज्याची नाडी बंद आहे तो आधी, आणि त्यातून तो तरुण असेल तर हृदय पुन्हा नीट चालण्याची आशा जास्त, म्हणून त्याच्यासाठी सगळं बाजूला सारून वाट मोकळी करतात. मी मान डोलावली. तेव्हा बाजूला काय सारलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं. हृदयाने पुन्हा दगा दिला तर ते आतूनच झटका देतं.

मी घरी आल्यावर बरेच दिवस कुणी काही बोललं नाही. बोलली ती आत्या. नारळ घेऊन आली, माझ्यावरून ओवाळला आणि म्हणाली, "देवाची किरपा रे तुझ्यावर. नायतर तो वरच्या वाडीतला म्हातारा कशाला हात करील, की मला उतरवा नि पोराला घ्या म्हणून?"

"कुठला म्हातारा?" मी विचारलं.

आई दूध उतू जातंय म्हणून आत पळाली. चुलीवर दूध नव्हतंच. भाऊ चप्पल घालून बाहेर निघून गेला. आत्याला आपण काय केलं ते कळलं, पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं, म्हणून तिने सगळं सांगितलं.

त्यानंतर मी ज्याला त्याला विचारत सुटलो आणि गोष्ट दर वेळी वाढत गेली. एकाने सांगितलं, म्हाताऱ्याने नुसता हात हलवला. दुसऱ्याने सांगितलं, त्याने तोंडावरचा मास्क काढून "माझं झालं, त्याचं व्हायचं हाय" असं म्हटलं. तिसऱ्याने तर त्याला पालखीला नमस्कार करून स्वतःच्या पायांनी उतरायला लावलं. धाप लागलेला, डोलीतून आणलेला माणूस! मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "मी तुझ्या छातीवर होतो. मी छाती बघू का म्हातारा बघू?" यापुढे त्याने त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

शाळेत परत रुजू झालो तेव्हा गोष्ट माझ्याआधी महाडात पोचलेली होती. आमच्या मुख्याध्यापकांना अशा गोष्टींची भारी हौस. त्यांनी एक डॉक्टर आणि एक रबरी बाहुला बोलावून मुलांना छाती दाबायचं शिकवायचा कार्यक्रम ठेवला, ते चांगलंच केलं. पण सुरुवातीला मला पुढे उभं केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या 'थोर वृद्धाच्या त्यागा'वर भाषण ठोकलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून उभा होतो. माझी मान नम्रतेने खाली गेली असं त्यांना वाटलं असावं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

कारण खरं सांगायचं तर ती गोष्ट मला हवी होती. भाषणापुरती नव्हे, मला जगायला हवी होती. म्हाताऱ्याने आपणहून जागा दिली असेल तर माझ्यावर उपकार झाला होता. उपकार माणूस वाहतो. त्याचं नाव घेतो, घरात फोटो लावतो, डोळे पुसतो आणि मोकळा होतो. पण त्याने दिली नसेल, कुणी त्याला न विचारता उचलून खाली ठेवलं असेल, तर मग मी कुणाच्या तरी जागेवर निजून आलो होतो. मी काही केलेलं नव्हतं, मी तर तेव्हा मेलेला होतो, हे सगळं मला कळत होतं. हिशेब फळ्यावर मांडला तर बरोबर येत होता. तरी संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं म्हणून चवदार तळ्याला फेऱ्या मारताना समोरून एखादा म्हातारा सावकाश आला की मी वाटेतून बाजूला व्हायचो, अगदी रस्ता रिकामा असला तरी.

त्या वाडीवर जायला हवं हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गेलो नाही. आधी टाके ओले होते. मग उन्हाळा फार होता. मग आई म्हणाली, सवच्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करून ये, अंग मोकळं होईल, मग जा. डॉक्टर म्हणाले, गरम कुंडात पाय ठेवायचा नाही. या वादात काही दिवस गेले. मग पाऊस लागला. तळीयेची दरड कोसळल्यापासून पावसात डोंगरावरच्या वाटेने जाऊ नका असं घरोघर सांगतात, तेही मला सोयीचंच झालं. दिवाळीनंतर कारणं संपली.

रिकाम्या हाताने जायचं नाही एवढं ठरलं, पण न्यायचं काय? मिठाई नेली तर ती कसल्या आनंदाची? फळं नेली तर हॉस्पिटलात पेशंटला भेटायला गेल्यासारखं. शेवटी आपल्याकडे नेतात तशी चहापत्ती आणि साखर घेतली. दुकानदाराने "कुठे, पाहुण्यांकडे का?" असं विचारलं आणि मी "हो" म्हणालो.

भावाने मोटरसायकलवरून रस्ता संपतो तिथपर्यंत सोडलं. पुढे पायवाट. तो म्हणाला, "तू जा. मी गाडीजवळ थांबतो." मी आग्रह केला नाही. बसत, उठत, छातीवर हात ठेवत वर गेलो. वाडी म्हणजे थोडी घरं, त्यांच्यापुढे नाचणीची कापलेली शेतं आणि गुरांचे गोठे. घर विचारावं लागलं नाही. एक म्हातारी गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन बाहेर आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तू त्यो पालखीवाला ना?"

"हो आजी."

"एवढासाच हायस?" ती म्हणाली. "मला वाटलं, चांगला दांडगा आसशील. एवढ्याशासाठी उतरवला व्हय त्याला?"

ती हसली. मग तिचं तिलाच ते हसू नकोसं झालं आणि तिने पाटी खाली ठेवली. मी पिशवी पुढे केली. तिने ती घेतली, आत जाऊन चहा ठेवला, आणि त्यात दूध इतकं घातलं की तो चहा राहिलाच नाही. आम्ही ओटीवर बसलो. गोठ्यातून एक पारडी मान बाहेर काढून माझ्याकडे बघत होती.

"ही त्याची," म्हातारी म्हणाली. "शिमग्याच्या आदी आनली. मी बोलले, आता ह्या वयात पारडी कशाला? ती मोटी व्हनार कवा, दूध देनार कवा? तर मला बोलला, देईल तवा देईल, मी हाय ना!"

मी चहा खाली ठेवला. आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही असं वाटलं. "आजी," मी म्हणालो, "सगळे सांगतात, त्यांनी स्वतः हात केला. मला उतरवा म्हणाले. खरं आहे का?"

"कोन सगळे?"

"गावातले. पालखीतले."

"गाडीत कोन व्हतं त्यातलं?" ती म्हणाली. "गाडीत मी व्हते."

पदराने तिने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता, पारडीकडे बघत सांगायला लागली.

"ती डाक्तरीन पोरगी आली. रडकुंडीला आली व्हती बिचारी. मला बोलली, आजी, तो पोरगा मरतोय, ह्यांना मागच्या गाडीत नेऊ का? मला इचारलं तिने. त्याला नाय इचारलं. मी खाली बघितलं तर तू पडलेला, शर्ट फाटलेला, नि तुझी आय छाती पिटत व्हती. मी बोलले, घ्या. मंग दोन बाप्ये चढले त्याला उचलाया. त्याने दांडी धरली."

"कसली दांडी?"

"त्या पलंगाची. लोखंडाची. दोघं वडत व्हते तरी सुटंना. सगळा जन्म म्हशी धरल्या त्या हाताने, कसा सुटल? मी बोलले, थांबा. मंग मी सोडवली. एक एक बोट करून."

मी चहाचा एक घोट घेतला.

"बोलत व्हता," ती म्हणाली. "त्या तोंडावरच्या झाकनातून नीट कळत नव्हतं, पन मला कळलं. 'नको गो,' बोलला. 'नको गो.' दोनदा."

इथे मला एक लाज वाटणारी गोष्ट सांगितली पाहिजे. हे ऐकताना माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. पहिल्यांदा आलं ते असं, की बरं झालं, बोटं तिने सोडवली, माझ्या माणसांपैकी कुणी नाही. एवढासा सुटकेचा श्वास मी घेतला, तिच्या ओटीवर बसून, तिच्या म्हशीचं दूध पिऊन. मग मला माझीच किळस आली.

"आता लोक मला येऊन सांगतात, आजी, तुझा म्हातारा देवमानूस," ती पुढे बोलत होती. आता तिच्या आवाजात राग होता. "कशाचा देवमानूस? म्हातारा झाला म्हनून काय मराया टेकला व्हता? त्याला काय जीव नव्हता? त्याला जगायचं व्हतं रे. पारडी आनली व्हती त्याने. तू मास्तर हायस ना? मंग सांग लोकांना. तो राजी नव्हता. त्याने नाय दिली जागा, मी दिली. त्याची जागा मी दिली."

मी सांगेन म्हणालो. मुख्याध्यापकांचं भाषण मला आठवलं, टाळ्या आठवल्या. हे सांगितल्यावर कुणी टाळ्या वाजवणार नाही हेही कळत होतं. पण शब्द दिला, आणि तो पाळतो आहे. तो माणूस राजी नव्हता.

उठायची वेळ झाली तेव्हा ती दारापर्यंत आली. तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे, यंत्र आहे त्या बाजूला बघितलं. हात लावील असं वाटलं. लावला नाही.

"येक इचारू?" ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाला इचारता येत नाय. पोरांना इचारलं तर रडतात. मी चुकले का रे?"

हा प्रश्न तिने माझ्याशिवाय कुणालाही विचारला असता तर त्याला थांबून विचार करता आला असता. त्या डॉक्टरला, गुरवाला, नाहीतर माझ्या भावाला. मला थांबता आलं नाही. "नाही आजी," मी म्हणालो. मी ते इतक्या घाईने म्हणालो, की तिने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. मी काय ऐकलं होतं, त्यावर काही विचार केला होता का, हे सगळं तिला दिसलं असणार. मी विचार केला नव्हता. मलाही जगायचं होतं.